चार तासांचा प्रवास, दहा तासांचे बिल: चार्टर विमानाचा खर्च कसा मोजतात

प्रश्न असा आहे. सहा जणांना चार्टरने, म्हणजे पूर्ण विमान भाड्याने घेऊन, सोमवारी सकाळी जायचे आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचे आहे. एका बाजूचे उड्डाण दोन तासांचे. तीन ऑपरेटरांकडून कोटेशन मागवली. तिघांनीही एकाच तऱ्हेचे लाइट जेट (लहान जेट विमान) देऊ केले, ताशी दरही जवळपास सारखाच. तरी पहिल्याने दहा तासांचे पैसे लावले, दुसऱ्याने आठ तासांचे आणि तिसऱ्याने पाच तास चाळीस मिनिटांचे. पहिले कोटेशन तिसऱ्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. ‘आम्ही विमानात बसणार चारच तास. मग हे बाकीचे तास आले कुठून? आणि यातला रास्त आकडा कोणता?’

चार्टरच्या कोटेशन डेस्कवर मी बरीच वर्षे काढली आहेत. हाच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी माझ्याकडे सतत येत असे. तुम्ही पाठवलेले तिन्ही कागद मी नीट वाचले. त्यात फसवणूक कुणाचीच दिसत नाही. तिघांनी एकाच प्रवासाचा हिशेब तीन तऱ्हांनी मांडला आहे, इतकेच. तो कळायला एक गोष्ट पक्की धरा: चार्टरमध्ये पैसे सीटचे नसतात आणि तुमच्या प्रवासाचेही नसतात. विमान आपल्या तळावरून निघते तिथपासून पुन्हा तळावर येऊन उभे राहते तिथपर्यंतचे ते पैसे असतात. तुम्ही त्यात मधल्या टप्प्यावर चढता आणि उतरता.

आता तुमचेच कागद घ्या. पहिल्या ऑपरेटरचे विमान तुमच्या शहरात नाही, पन्नास मिनिटांच्या अंतरावर आहे. सोमवारी ते पन्नास मिनिटे रिकामे उडून तुमच्याकडे येणार, दोन तासांत तुम्हाला पोहोचवणार आणि दोन तास दहा मिनिटे रिकामे उडून आपल्या घरी जाणार. शुक्रवारी हेच उलट क्रमाने. पाच तास सोमवारचे, पाच शुक्रवारचे, झाले दहा. दुसऱ्याचे विमान तुमच्याच विमानतळावर असते, म्हणून त्याला सुरुवातीची आणि शेवटची पन्नास मिनिटे लागत नाहीत. पण तोही तुम्हाला सोडून रिकामा परततो आणि शुक्रवारी रिकामा घ्यायला जातो. दोन-दोन तासांच्या चार फेऱ्या, आठ तास. तिसऱ्याचा तळ पहिल्याइतकाच लांब आहे, पण तो विमान आणि क्रू पाचही दिवस तिकडेच थांबवायला तयार आहे. त्याचे उड्डाण पन्नास मिनिटे, दोन तास, दोन तास आणि पुन्हा पन्नास मिनिटे एवढेच.

मग सगळेच ऑपरेटर विमान थांबवून का ठेवत नाहीत? कारण उभ्या विमानाचाही खर्च चालूच असतो. विमा, हँगर, वैमानिकांचे पगार, सिम्युलेटरवरचे त्यांचे ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण, दर २८ दिवसांनी बदलणारा नेव्हिगेशनचा डेटाबेस, यांतले काहीही विमान उडले नाही म्हणून थांबत नाही. हा सगळा खर्च वर्षभरात विकल्या जाणाऱ्या तासांमध्येच वसूल व्हावा लागतो. म्हणून बहुतेक ऑपरेटर दिवसाला किमान तास ठरवून ठेवतात, बरेचदा दोन. विमान तुमच्यासाठी अडकले तर उडो न उडो, दिवसाचे दोन तास धरले जातात. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, म्हणजे किमान दहा तास. दुसऱ्या ऑपरेटरने हाच हिशेब केला असणार: थांबलो तर दहा, घरी जाऊन आलो तर आठ; म्हणून त्याने आठ लावले. तिसऱ्याने किमान तासांची अट सोडली आहे. त्या आठवड्यात त्याच्या विमानाला दुसरे काम नाही, असाच त्याचा अर्थ. तसे असेल तर सौदा खरोखर चांगला आहे. पण त्याच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘इतर आकार प्रत्यक्ष बिलाप्रमाणे’ असे लिहिले आहे. मेख तिथे आहे.

या ‘इतर आकारां’त काय काय येते? चार रात्री दोन वैमानिकांचे हॉटेल, जेवणखाण, गाड्या. केबिन क्रू असेल तर तिसरी खोली. पाच दिवसांचे पार्किंग. लँडिंग आणि हँडलिंग (जमिनीवर विमानाची आणि प्रवाशांची व्यवस्था पाहण्याचा आकार). विमानतळ गर्दीचा असेल तर आणखी एक प्रकार घडतो: तिथे उभे राहायला जागाच मिळत नाही. मग विमान तुम्हाला उतरवून शेजारच्या विमानतळावर जाऊन थांबते आणि तुम्हाला घ्यायला पुन्हा येते. त्या दोन छोट्या फेऱ्या ‘पाच तास चाळीस मिनिटां’मध्ये धरलेल्या नाहीत. मोठे क्रीडासामने, परिषदा, सणासुदीच्या सुट्या अशा दिवसांत हे हमखास होते.

छोट्या फेऱ्यांचे आणखी एक गणित सांगतो, कारण बिलात हेच लोकांना सगळ्यात जास्त खुपते. वीस मिनिटांच्या उड्डाणाला एका तासाचे पैसे का? विमानाच्या कित्येक भागांचे आयुष्य तासांबरोबरच ‘सायकल’वरही मोजतात. एक टेकऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सायकल. इंजिनाच्या फिरत्या चकत्या, लँडिंग गिअर, हवेच्या दाबाने फुगणारी-आक्रसणारी केबिन यांच्या दृष्टीने वीस मिनिटांचे उड्डाण आणि तीन तासांचे उड्डाण यांत मोठा फरक नाही. दोन्हींत सायकल एकच. शिवाय जेट विमान खालच्या उंचीवर इंधन अधिक पिते, आणि छोट्या फेरीत ते वर जाऊन स्थिरावण्याआधीच उतरू लागते. म्हणून प्रत्येक फेरीला किमान वेळ लावतात. बिलातला तास ‘ब्लॉक’चा आहे का, हेही पाहा. ब्लॉक म्हणजे चाकाखालचे चॉक काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. टॅक्सी करतानाचा, म्हणजे विमान जमिनीवर चालतानाचा वेळही त्यात आला. काही जण फक्त हवेतला वेळ मोजतात आणि टॅक्सीसाठी प्रत्येक फेरीला सहा किंवा बारा मिनिटे वर टाकतात. दोन्ही पद्धती रीतसर आहेत. फक्त दोन कोटेशन शेजारी ठेवताना ती एकाच मापाने मोजलेली असावीत.

विमान निवडताना लोक आधी केबिनचे फोटो पाहतात. मी आधी इंधन पाहतो. पिलाटस पीसी-१२ हे एका इंजिनाचे टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पुढचा पंखा फिरवणारे विमान) ताशी साधारण अडीचशे लिटर जाळते. किंग एअर ३५० चारशेच्या आसपास. फेनम ३०० सारखे लाइट जेट साडेसहाशेच्या आसपास, चॅलेंजर ३५० अकराशेच्या आसपास आणि गल्फस्ट्रीम जी-६५० अठराशेच्या घरात. इंधनाचे भाव वाढले की कोटेशनवर ‘फ्युएल सरचार्ज’ येतो आणि त्याचा सर्वांत मोठा चटका मोठ्या विमानाला बसतो. पाचशे किलोमीटरच्या आतला प्रवास असेल तर टर्बोप्रॉप आणि लाइट जेट यांच्या पोहोचण्याच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. तेवढ्यासाठी जेटचे पैसे मोजू नयेत, हे माझे जुने मत आहे आणि ते बदलावे असे मला कधी वाटले नाही. दोन-अडीच तासांच्या वरचा प्रवास असेल तर मात्र जेट घ्या. टर्बोप्रॉपला लागणारा जादा वेळ तिथे तासाच्या हिशेबात जातो आणि दरातला फरक भरून निघू लागतो.

माहितीपत्रकावरच्या पल्ल्यावर जाऊ नका. उत्पादक पल्ला देतात तो थोडे प्रवासी, वारा नाही, ठरावीक राखीव इंधन अशा अटींवर. फेनम ३००ई साठी तो पाच जणांसह सुमारे ३,७०० किलोमीटर आहे. त्यात सात जण, त्यांचे सामान आणि समोरून वारा आला की तो बराच कमी होतो. मध्य अक्षांशांवर वरच्या हवेतले वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात अधिक जोराने. त्यामुळे पूर्वेला जाताना न थांबता पोहोचणारे विमान परत येताना इंधनासाठी मध्ये उतरू शकते. एक थांबा म्हणजे पाऊण तास वेळ, एक लँडिंग फी, एक हँडलिंग आणि पुन्हा एक चढण. तेव्हा ऑपरेटरला विचारावे: ‘परतीच्या वाऱ्यात, आमच्या वजनासह, हे विमान न थांबता येईल का?’

वजनाचा विषय निघाला म्हणून एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी लाइट जेट दिले. माणसे सात, सीट सात, सगळे जुळले. सकाळी विमानापाशी सात कडक सूटकेस आणि स्कीच्या चार लांब पिशव्या येऊन उभ्या राहिल्या. सामानाच्या कप्प्याचे दार उघडून आम्ही तासभर प्रयत्न केला. आकारमानात सामान कदाचित बसलेही असते, पण दाराच्या रुंदीतून कडक सूटकेस आत जाईना. शेवटी निम्मे सामान दुसऱ्या विमानाने मागाहून पाठवावे लागले आणि त्या एका फेरीने संपूर्ण प्रवासाचा हिशेब बिघडवला. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून मी माणसांच्या संख्येबरोबर दर माणसाचे वजन, पिशव्यांची संख्या आणि त्या मऊ आहेत की कडक, हे विचारल्याशिवाय कोटेशन दिले नाही. तुमच्या तिन्ही कागदांवर सामानाचा उल्लेख नाही. तो आधी करून घ्या.

धावपट्टीचा नियमही इथेच आठवतो. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या जेटला, उतरल्यावर धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबता येईल असा हिशेब करावा लागतो. अमेरिकेचे आणि युरोपचे मूळ नियम या बाबतीत सारखे आहेत. नऊशे मीटरमध्ये थांबणाऱ्या जेटला त्यामुळे चार्टरसाठी दीड हजार मीटरची धावपट्टी लागते. एखादा मालक आपले खासगी विमान छोट्या धावपट्टीवर उतरवतो आणि त्याच प्रकारचे चार्टर विमान तिथे जायला नकार देते, याचे कारण हे आहे. धावपट्टी उंचावर असेल, उन्हाळा असेल, तर अडचण वाढते, कारण विरळ हवेत इंजिन आणि पंख दोन्ही कमी काम करतात. अमेरिकेतले ॲस्पेन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून निघताना अनेकदा इंधन किंवा माणसे कमी करावी लागतात. लंडन सिटी विमानतळावर उतरण्याचा उतार ५.५ अंशांचा आहे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी विमानाला आणि वैमानिकाला वेगळी मान्यता लागते. न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरोला १ लाख पौंडांपेक्षा जड विमाने चालत नाहीत. गंतव्य असे असेल तर निवडीला थोडीच विमाने उरतात आणि दर चढतो.

हवाई मार्गाचे शुल्कही बिलात असते, बरेचदा ताशी दरातच मिसळलेले. युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतूक संस्थेच्या क्षेत्रात ते काढायचे सूत्र जाहीर आहे: किलोमीटरमधले अंतर भागिले १००, गुणिले टनांतले कमाल वजन भागिले ५० याचे वर्गमूळ, गुणिले त्या देशाचा दर. आठ टनांच्या लाइट जेटचा वजनाचा गुणक ०.४० येतो, ४५ टनांच्या गल्फस्ट्रीमचा ०.९५. वजन साडेपाचपट असून शुल्क अडीचपटही होत नाही. लँडिंग फी मात्र बहुतेक ठिकाणी थेट वजनावर असते, वर रात्रीची आणि आवाजाची वाढ वेगळी.

डी-आयसिंगबद्दल, म्हणजे विमानावरचा बर्फ काढण्याबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्यातल्या कोटेशनांमध्ये हा खर्च जवळजवळ कधीच धरलेला नसतो. पहाटे वैमानिक पंखावरून हाताचा तळवा फिरवतो. पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. खरखर लागली की ट्रक बोलवावा लागतो. आधी गरम नारिंगी द्रव बर्फ काढतो. बर्फ पडतच असेल तर वर घट्ट हिरवा द्रव देतात, तो नवे बर्फ काही काळ चिकटू देत नाही. तो ‘काही काळ’ मोजलेला असतो. रांगेत तुमचा नंबर लागायच्या आत तो संपला तर परत फिरायचे, पुन्हा फवारणी, पुन्हा बिल. बिल लिटरवर होते आणि लाइट जेटलाही शेकड्यांनी लिटर लागू शकतात. रात्री विमान हँगरमध्ये ठेवले तर हे पुष्कळदा टळते आणि एका रात्रीचे हँगर भाडे फवारणीपेक्षा कमी पडते. बर्फाच्या ठिकाणी जात असाल तर हँगरची मागणी लेखी करा, आयत्या वेळी जागा मिळत नाही.

आता क्रूचे तास. अमेरिकेच्या चार्टर उड्डाणांना लागू असलेल्या पार्ट १३५ नियमांत दोन वैमानिकांच्या क्रूला २४ तासांत १० तासांपर्यंत उडता येते आणि १० तासांची विश्रांती लागते. त्यातून कामाचा दिवस जास्तीत जास्त १४ तासांचा निघतो. इतर देशांचे आकडे वेगळे, तत्त्व तेच. समजा तुम्ही हाच प्रवास एका दिवसात करायचा ठरवला आणि तिकडे पाच तासांचे काम आहे. पहिल्या ऑपरेटरचा क्रू तळावर एक तास आधी हजर, पन्नास मिनिटे उड्डाण, तुमच्या आधी एक तास तयारीला, दोन तास जाणे, पाच तास थांबणे, दोन तास येणे, तुम्हाला उतरवायला पाऊण तास, पन्नास मिनिटे घरी, शेवटचा अर्धा तास कागदपत्रांचा. बेरीज तेरा तास पंचावन्न मिनिटे. म्हणजे तुमची बैठक अर्धा तास लांबली तरी क्रूचा दिवस संपला. मग एक तर मुक्काम, नाही तर दुसरा क्रू आधीच पाठवून ठेवायचा. दोन्हींचे पैसे तुमचे. थकलेल्या वैमानिकाने ‘चालवून घ्यावे’ असा आग्रह मी अनेक सुज्ञ माणसांना धरताना पाहिले आहे. तो धरू नका. तो धरणाऱ्याचे ऐकणारा ऑपरेटर तर मुळीच नको.

स्वस्त कोटेशनची दुसरी, धोकादायक बाजू इथे सुरू होते. पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी ऑपरेटरकडे एअर ऑपरेटर सर्टिफिकेट लागते. ते नसताना ‘मित्राचे विमान आहे, इंधनाचे द्या’ म्हणून चालणारा धंदा जगात सगळीकडे आहे. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला निघाला होता. एका इंजिनाचे पायपर मालिबू विमान रात्री इंग्लिश खाडीत कोसळले आणि तो व वैमानिक दोघेही गेले. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्रीच्या उड्डाणाची पात्रताही नव्हती. उड्डाण जुळवून देणाऱ्याला २०२१ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणून ब्रोकरकडून घेत असाल तर ऑपरेटरचे नाव, त्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक, विमानाची नोंदणी आणि विम्याची प्रत मागा. ब्रोकर स्वतः विमान चालवत नाही. चांगला ब्रोकर ही माहिती न विचारता देतो. कोण देत नाही, ते पाहून ठेवा.

‘एम्प्टी लेग’बद्दलही तुम्ही विचारले आहे. रिकामी परतणारी फेरी कमी दरात मिळते, हे खरे. पण ती कुणाच्या तरी मूळ प्रवासाला बांधलेली असते. त्या माणसाने तारीख बदलली की तुमची फेरी गेली आणि परतीचा प्रवास पुन्हा पूर्ण दराने घ्यावा लागतो. सहा जणांच्या कामाच्या प्रवासासाठी मी ती सुचवणार नाही. जेट कार्ड (उड्डाणाच्या तासांचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना), हिस्सेदारी वगैरे योजनांचा विचार वर्षाला पंचवीसेक तासांच्या आत उडणाऱ्याने करू नये. हिस्सेदारीची कल्पना १९८६ मध्ये नेटजेट्सने आणली ती नियमित उडणाऱ्यांसाठी. तिथे तुम्ही हिस्सा विकत घेता, दरमहा देखभालीचे शुल्क देता आणि वर तासाचे पैसे देता.

करांचे विचारून घ्या, एवढेच म्हणतो. अमेरिकेत देशांतर्गत चार्टरवर ७.५ टक्के फेडरल एक्साइज टॅक्स लागतो, इतरत्र त्या त्या देशाचा कर. कोटेशनमधला आकडा करासह आहे की कर सोडून, हे एका ओळीत लिहून मागा. रद्द करण्याच्या अटीही तशाच लेखी घ्या. निघण्याची वेळ जवळ येते तसा परताव्याचा टक्का घटत जातो आणि शेवटच्या दिवशी बहुधा काहीच परत मिळत नाही. आणखी एक: चार्टरची पुष्कळ विमाने खासगी मालकांची असतात, ऑपरेटर ती फक्त सांभाळतो. मालकाला अचानक विमान हवे झाले तर तुम्हाला बदली विमान कोणत्या दर्जाचे आणि कुणाच्या खर्चाने मिळेल, ते करारात असू द्या.

तर तुमचा निर्णय. तिसऱ्या ऑपरेटरला आजच लिहा: चार रात्रींचा क्रूचा खर्च, पार्किंग, हँडलिंग आणि कर धरून पक्का आकडा द्या, आणि पाच दिवस विमान तिथेच उभे राहील याची खात्री विमानतळाकडून घेऊन कळवा. त्याने पक्का आकडा दिला आणि तो दुसऱ्याच्या आठ तासांपेक्षा कमी राहिला, तर तिसरा घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा.

त्याआधी एकदा तुमच्या तारखा पाहा. शुक्रवारऐवजी बुधवारी संध्याकाळी परतणे जमत असेल तर दिवस तीन होतात, किमान तास सहा. दुसऱ्या ऑपरेटरला मग रिकामे परत जायचे कारण राहत नाही; त्याचे आठ तास सहावर येतात. पहिलाही तिकडेच थांबला तर त्याचे प्रत्यक्ष उड्डाण पाच तास चाळीस मिनिटे, किमान धरून तोही सहावरच येतो. लांबच्या तळाचा फरक बुधवारी जवळपास नाहीसा होतो, शुक्रवारी पुन्हा सुरू होतो. तिघांकडूनही बुधवारच्या परतीचे कोटेशन मागवा, आणि दोन्ही तारखांचे कागद शेजारी ठेवून मगच बैठकीची वेळ कळवा.